एक वॅटचा हट्ट

“मग एक वॅटचा घेऊ का?”

वृषाली धुमाळनं तिसऱ्यांदा विचारलं. सोमगीर बुवांनी ताटातल्या तांदळातला खडा उचलला, उन्हात धरून पाहिला आणि बाजूला टाकला.

“बुवा, मी तुमच्याशी बोलतेय.”

“ऐकतोय की.”

“मग उत्तर द्या.”

“तांदूळ निवडून होऊ दे.”

ताट माझं होतं आणि तांदूळही माझे. मी शिदबा, या मठात अठरा वर्षं स्वयंपाक करतो. निवडायला बसा असं बुवांना मी काही सांगितलं नव्हतं. पण समोरचा माणूस घाईत असला की त्यांना नेमकं असलंच काम सुचतं.

वृषालीनं ओट्यावर रुमाल पसरला होता. त्यावर तीन ट्रान्समीटर. सगळ्यांत लहान पंचवीस मिलिवॅटचा, अंगठ्याच्या नखाएवढा. मधला चारशेचा. मोठा पुऱ्या एक वॅटचा, पाठीवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या असलेला.

मला यातलं जे कळतं ते एवढंच. ड्रोन तळहाताएवढं असतं आणि त्याच्या नाकाशी कॅमेरा असतो. उडवणारा डोळ्यांवर गॉगल चढवतो. मग त्याला स्वतःचे पायसुद्धा दिसत नाहीत, ड्रोनला दिसतं तेवढंच दिसतं. ते चित्र ड्रोनवरून गॉगलात पाठवतो तो हा ट्रान्समीटर. चित्र गेलं की उडवणारा आंधळा.

बुवा गोसावी व्हायच्या आधी बावीस वर्षं फौजेत होते, सिग्नलमध्ये. आता घाटमाथ्यावरच्या शोधपथकाला ड्रोन उडवायला शिकवतात. लांबून आलेली माणसं दर्शनाला वाकतात आणि भगव्या छाटीवर तारा जोडताना पडलेले सोल्डरचे डाग बघून गोंधळतात. मला त्याची मजा वाटते.

वृषाली त्यांची सगळ्यांत हुशार शिष्या. सगळ्यांत तिखटही तीच.

“निवडून झाले,” ती म्हणाली. “आता सांगा.”

“तुला कसला पाहिजे?”

“ज्याचं चित्र जात नाही असला.”

“तसला न्हाई मिळत.”

“मिळतो. तुम्हाला सांगायचा नाही.”

बुवांनी ताट माझ्याकडे सरकवलं.

ती असं का बोलत होती ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

गेल्या श्रावणात कोंडिबा ढेबे म्हशीच्या मागं उंबरघळीत उतरला तो वर आलाच नाही. पथक आलं. वृषालीनं घळीत ड्रोन सोडलं. पहिलं वळण झालं. दुसऱ्या वळणाला गॉगलात ठिपक्यांच्या मुंग्या आल्या आणि मग नुसतं करडं झालं. चित्र गेलं की ड्रोन सरळ वर खेचायचं, घळीबाहेर आलं की परत दिसतं. तिनं तेच केलं. तीनदा आत गेली आणि तीनदा तिथूनच परत फिरली.

दुसऱ्या दिवशी दोरावरची माणसं त्या बाजूला उतरली. कोंडिबा दुसऱ्या वळणापलीकडे चाळीस पावलांवर पडला होता. पहाटेपर्यंत जीव होता, असं डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून वृषाली ट्रान्समीटरच्या मागं लागली. पथकानं यंदाही तिलाच उडवायला सांगितलं. ती म्हणाली, चित्र न जाणारा ट्रान्समीटर मिळाला तरच उडवीन, नाहीतर हे गॉगल घ्या आणि दुसऱ्या कुणाला तरी द्या. शेवटी पथकानं ते बुवांवर सोपवलं. चैत्र लागला होता, पावसाला दोन महिने होते आणि आज काय ते ठरायचं होतं.

“चल,” बुवा उठले. “घळीवर जाऊ. शिदबा, तूबी चल.”

“आमटी टाकायचीय,” मी म्हणालो.

“येऊन टाक.”

जीप पठारावर गेल्या वर्षीच्याच जागी लावली. वृषालीनं घडीची खुर्ची काढली आणि जीपच्या सावलीत मांडली. तीही गेल्या वर्षीच्याच जागी. मला ते बघवलं नाही, पण मला कोण विचारतं.

“मधला लाव,” बुवा म्हणाले.

“त्यानं काही होणार नाही. गेल्या वर्षी चारशेचाच होता.”

“लाव.”

तिनं लावला. गॉगल चढवले. ड्रोन घोंगावत उठलं आणि कड्याखाली गेलं. आम्ही दोघं रिमोटवरच्या तिच्या अंगठ्यांकडे बघत राहिलो.

“पहिलं वळण,” ती म्हणाली.

मग…

“मुंग्या.”

मग…

“गेलं.”

अंगठा वर गेला. घळीच्या पार पलीकडे ड्रोन आभाळात उसळलं. तिनं ते परत आणून उतरवलं आणि गॉगल कपाळावर ढकलले.

“बघितलंत? आता एक वॅटचा लावते. मग बोला.”

“लाव.”

तिनं तो लावला. आधी अँटेना, मग बॅटरी. ड्रोन जमिनीवरच होतं, दिवा लुकलुकत होता.

“वजन किती वाढलं?” बुवांनी विचारलं.

“वाढू दे. वजनाचं काय घेऊन बसलात?”

“जड झालं तर वळंल का?”

“मी वळवीन. तुम्हाला मोठ्या वस्तूचं वावडं आहे, बुवा. फौजेत तुम्हाला जुनी यंत्रं मिळाली म्हणून आम्हीही तसल्यांवरच दिवस काढायचे का?”

“तसं म्हणलो का मी?”

“तसंच म्हणताय. वर्षभर म्हणताय. मी काही विचारलं की तुम्ही तांदूळ निवडता. एक माणूस मेला तिथं. मला एक साधं उत्तर देता येत नाही तुम्हाला?”

ती बोलत राहिली. बुवा ऐकत राहिले, मधूनच एखादा प्रश्न टाकत राहिले. पाच मिनिटं तरी झाली असतील.

मग बुवांनी ड्रोनकडे बोट केलं.

“हात लाव त्याला.”

तिनं लावला आणि चटका बसून काढला. करपल्याचा वास मला लांबूनही आला.

हा ट्रान्समीटर उडताना वाऱ्यानं थंड राहतो. जमिनीवर बॅटरी जोडून ठेवला तर स्वतःच्याच उष्णतेनं शिजतो. नव्या पोरांना पहिल्या दिवशी हीच तंबी देतात आणि आमच्याकडे ती तंबी वृषालीच देते.

तिनं बॅटरी उपटली. कान लाल झाले होते.

“तुम्हाला दिसत होतं. तुम्ही मला बोलत ठेवलंत.”

“बोलत तू हुतीस.”

“मुद्दाम केलंत.”

“हां,” बुवा म्हणाले.

मला हसू आलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी जीपच्या टायरकडे बघू लागलो.

ट्रान्समीटर निवेपर्यंत ती त्यावर फुंकर घालत राहिली. मेला नव्हता, नशीब. निवल्यावर तिनं परत लावला आणि या वेळी बॅटरी जोडल्याजोडल्या उडवला. जड झालेलं ड्रोन जरा आळशीपणानं गेलं.

“पहिलं वळण… चित्र स्वच्छ आहे. बघा, काही नाही. दुसरं आलं…”

मग…

“मुंग्या.”

तिचा अंगठा हलला नाही. ती रेटत राहिली.

“अजून आहे. अजून… गेलं.”

तिनं वर खेचलं. उतरवलं. गॉगल काढून मांडीवर ठेवले.

“किती पुढं गेली?” बुवांनी विचारलं.

“दोन हात.”

“कोंडिबा किती लांब हुता?”

ती गॉगलची पट्टी बोटाला गुंडाळू लागली.

“किती?”

“चाळीस पावलं. तुम्हाला माहिती आहे.” मग मान वर करून म्हणाली, “दोन वॅटचा मिळतो.”

“आण.”

“आणीन. तो नाही चालला तर चारचा आणीन.”

“आण. आठचा आण. मधी डोंगर हाय पोरी, त्याला वॅट कळत न्हाईत.”

“मग मी काय करू? डोंगर फोडू?”

बुवा तिच्याजवळ गेले.

“ऊठ.”

ती उठली. त्यांनी खुर्चीची घडी घातली, काखेत मारली आणि कड्याच्या कडेकडेनं चालू लागले. सत्तरीचा माणूस, पायात झिजलेल्या वहाणा. तीनशे पावलं गेले असतील. दुसऱ्या वळणाच्या बरोबर वर, जिथून मधे डोंगर न येता घळ सरळ खाली दिसते, तिथं येऊन थांबले आणि कड्यापासून दोन हातांवर खुर्ची मांडली.

वृषाली जीपपाशीच उभी होती.

“खुर्ची आणा, बुवा,” ती ओरडली.

“तू ये.”

“गॉगल घातलेल्या माणसानं कड्यापासून पन्नास पावलं लांब बसायचं. तुमचाच नियम आहे.”

“माझाच हाय.”

“मग?”

“नियम बरोबर हाय.”

“मग मला तिथं काय बोलावताय?”

बुवा खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. वारा होता, त्यांची छाटी फडफडत होती.

ड्रोन, रिमोट आणि गॉगल उचलून ती चालत निघाली. मी मागं. चालताना तिचे ओठ हलत होते. ती बुवांना शिव्या देत असावी, आणि त्या वेळी मला तरी त्यात काही गैर वाटलं नाही.

कड्यापासून दहा पावलांवर ती थांबली.

“गेल्या साली मी खालनं वायरलेसवर काय बोललो?” बुवांनी विचारलं.

“आठवत नाही.”

“आठव.”

“कड्यावर ये म्हणालात.”

“मग?”

“ताडपत्री जीपला बांधलेली होती. पाऊस होता. गॉगल भिजले असते.”

“गॉगलवर पिशवी बांधायची कुणी शिकवलं पोरांना?”

वृषालीनं कड्याकडे पाहिलं.

“कुणी?”

“मी.”

घळीतून घारीचा आवाज आला. वृषालीनं डोकं खाली घातलं. मला वाटलं आता रडेल. पण तिनं मान वर केली तेव्हा डोळे कोरडे होते आणि चेहरा भांडायला उठलेल्या माणसाचा.

“घाबरले होते मी. ऐकायचं होतं ना तुम्हाला? घ्या ऐकून. शेवाळ होतं इथं. डोळ्यांवर गॉगल आणि समोर दोनशे फूट. वाटलं, खुर्चीसकट जाईन. म्हणून आले नाही. ट्रान्समीटर चांगला होता. सगळेच ट्रान्समीटर चांगले असतात. मीच आले नाही. झालं समाधान?”

“न्हाई.”

“मग माझंही ऐका. तुम्ही खाली घळीच्या तोंडाशी होतात. अठ्ठावीस माणसं होती, सगळीच्या सगळी दोराला लावलीत. माझ्याजवळ एक ठेवला नाहीत. मला मागनं धरायला एक माणूस. एक. कड्यावर ये म्हणालात, पण एकटीनं कशी येईल हे विचारलंत का? त्या रात्री नाही, नंतर वर्षभरात नाही. सगळे मला म्हणत होते, तुझी काही चूक नाही. तुम्ही तर तेही म्हणाला नाहीत.”

बुवांनी खुर्चीच्या पाठीवरचा हात काढला.

“खरं हाय,” ते म्हणाले. “चुकलो मी.”

अठरा वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकले नव्हते. वृषालीनंही ऐकले नसावेत. मला माझं वेगळंच आठवत होतं. त्या दिवशी मी मठात चाळीस माणसांची खिचडी ढवळत होतो. माझे दोन्ही हात धडधाकट होते. मला कुणी बोलावलं नाही, आणि मीही आपणहून आलो नाही.

“शिदबा,” बुवा म्हणाले, “जीपमधनं दोरवाल्यांचा पट्टा आण.”

मी पळत जाऊन आणला. रुंद पट्टा, कमरेला बांधायचा, पाठीशी धरायला कडं.

“मला नको,” वृषाली म्हणाली. “आत्ता ऊन आहे. शेवाळ नाही. मी बसते.”

“मग उडवू नको.”

“तुम्ही कधी बांधलात?”

“न्हाई. म्हणून म्या उडवत न्हाई आता.”

ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग माझ्या हातातून पट्टा ओढून घेतला आणि कमरेला इतका आवळला की मलाच श्वास कोंडल्यासारखं झालं. खिशातून रुमाल काढला. तीन ट्रान्समीटरांतला सगळ्यांत लहान, नखाएवढा, उचलून बुवांच्या नाकासमोर धरला.

“हा लावते. सगळ्यांत फुसका. चित्र गेलं आणि ड्रोन पडलं तर पडलं. तुमच्या डोळ्यांदेखत पडेल.”

“लाव.”

तिनं मोठा काढून लहान जोडला. पिना बरोबर बसल्या. ती खुर्चीत बसली. मी मागं मांडी घालून बसलो, दोन्ही टाचा एका दगडाला लावल्या आणि कडं दोन्ही हातांनी धरलं. आयुष्यात मी पिठाची परात आणि आमटीचं पातेलं सोडून काही एवढं घट्ट धरलेलं नाही.

“धरलंय?” तिनं गॉगल चढवता चढवता विचारलं.

“धरलंय.”

“सोडाल?”

“आमटी उतू गेली तरी न्हाई.”

ड्रोन उठलं आणि आमच्या पायांखालून घळीत गेलं. मला काही दिसत नव्हतं, फक्त आवाज खोल खोल जात होता. तिचं थरथरणं पट्ट्याच्या कड्यातून माझ्या मनगटात येत होतं.

“दुसरं वळण,” ती म्हणाली.

मी कडं आणखी घट्ट धरलं.

“मुंग्या आहेत… थोड्या.”

“चित्र?”

“आहे.”

बुवा पुढं वाकले.

“आहे, बुवा. आहे अजून. वळण गेलं मागं.”

मग खालचा आवाज एका जागी थांबला. ड्रोन तिथं तरंगत होतं.

“काय दिसतंय?” मी न राहवून विचारलं.

“दगड रचलेत. कोंडिबाच्या घरच्यांनी रचले असतील. त्यांच्याखाली घोंगडी आहे, काळी. एक टोक वाऱ्यानं हलतंय.”

बुवांनी घळीकडे हात जोडले.

“एवढंसंच आहे हो इथून. समोरच तर आहे.”

मग ती रडली. गॉगल काढले नाहीत, आवाज केला नाही. तिच्या पाठीवरून मला कळलं. अंगठे मात्र जागचे हलले नाहीत आणि ड्रोन तसूभरही खाली आलं नाही. बुवा तिच्या शेजारी उकिडवे बसले. तिच्या डोक्यावर हात ठेवतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी ठेवला नाही. ते तिच्यासोबत, काही दिसत नसताना, घळीकडे बघत राहिले.

बॅटरी संपत आल्याचा टिकटिकाट सुरू झाल्यावर तिनं ड्रोन वर आणलं आणि आमच्या मागं उतरवलं. बॅटरी मीच काढली, एका हातानं. तेवढं मला येतं.

तिनं गॉगल काढले. समोर जमीन दोन हातच होती हे तिला परत दिसलं. तिनं मागं हात नेऊन माझं मनगट पकडलं. पण खुर्ची तिनं मागं सरकवली नाही.

“बुवा.”

“हं.”

“कोंडिबाचं ओझं माझ्यावरचं उतरलंय असं म्हणू नका.”

“न्हाई म्हणत.”

“उतरलं नाहीये. उतरणारही नाही.”

“बरं.”

“गॉगल मी कुणाला देणार नाही. पथकानं मागितले तरी नाही, तुम्ही मागितले तरी नाही. पावसात मी इथंच बसणार. मला भीती वाटणार, आत्ताही वाटतेय. वाटू दे. आणि मागं धरायला माणूस दिला नाहीत तर मी वायरलेसवर तुमच्या नावानं शिमगा करीन, सगळ्या पथकाला ऐकू जाईल असा. तो माणूस येईपर्यंत करीन.”

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. मी कडं अजून सोडलं नव्हतं.

“मी येईन,” मी म्हणालो. “खिचडी कुणीबी ढवळंल.”

“ठरलं मग,” ती म्हणाली. बाहीनं नाक पुसलं आणि रुमाल परत मांडीवर पसरला. ड्रोनवरचा लहान काढून तिन्ही ट्रान्समीटर ओळीत मांडले, दुकानात मांडावेत तसे.

“आता तरी सांगा. सकाळपासून विचारतेय. कुठला लावू?”

बुवा गुडघ्यांवर हात ठेवून उठले. छाटीची धूळ झटकली. रुमालाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

“आता कुठलाबी लाव.”